भातलावणीच्या दिवशीचं मौन

मावशीच्या भातलावणीच्या दिवशी मी मौन धरलं, आणि ते धरल्याचं कुणालाही सांगितलं नाही. मौन धरणाऱ्याने ते सांगायचं तरी कसं, असा एक बचाव मी नंतर करून पाहिला. पण जो बचाव घरी बायकोपुढे टिकला नाही, तो आंदर मावळात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसांपुढे काय टिकणार होता?

त्या सकाळचं धुकं अजून माझ्या अंगावर आहे. धुकं अंगावर असणं म्हणजे काय, हे मावळात ऐन पावसाळ्यात एखादा दिवस काढल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. ते दिसत नाही, ते लागतं. भुवयांवर त्याचे बारीक थेंब बसतात, सदऱ्याची कॉलर जड होते, आणि श्वासाबरोबर आत येतो तो उपटलेल्या भातरोपांचा कच्चा, हिरवा, किंचित तुरट गंध. त्यात कुठल्याशा गोठ्यातल्या धुराची एक उबदार रेघ. डोंगर नाहीसे होतात, झाडं नाहीशी होतात, समोरच्या बांधावरची म्हैस नाहीशी होते आणि तिचं रवंथ मात्र ऐकू येत राहतं. सगळी रूपं विरघळून जावीत आणि केवळ अस्तित्व उरावं, अशी ती अवस्था. मोठमोठे तत्त्वचिंतक जिथे पोचायला आयुष्य वेचतात, तिथे आमची म्हैस रोज सकाळी उभी असते.

मी राहतो लोणावळ्याला लागून, कुसगावात. आमच्याकडेही धुकं येतं, पण त्याला गिऱ्हाईक असतं. सुट्टीच्या दिवशी माणसं गाड्या भरभरून येतात, दरीच्या कठड्याशी उभी राहतात, समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काहीही दिसत नाही, आणि मग ती काय करतात? पाठ फिरवतात आणि स्वतःचा फोटो काढतात. मी कितीदा तरी हे पाहून मनाशी हसलो आहे. जग दिसेनासं झालं की माणसाला स्वतःचा चेहरा आठवतो, अहंकाराचं याहून नेमकं चित्र दुसरं कुठलं, असं एक वाक्यही मी तयार करून ठेवलं होतं, आणि रविवारी विहारात वंदनेनंतर चार माणसांत ते वापरलंही होतं. लोकांना आवडलं. वाक्य आवडल्याचा मला जो आनंद झाला, त्याचा फोटो कुणी काढला नाही, एवढंच.

त्यात मी नुकताच एका ध्यानशिबिराहून परतलो होतो. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला गुडघेदुखी आणि ज्ञानप्राप्ती फार लवकर होते. मला दोन्ही झाल्या. शिबिरात कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडे पाहायचं नाही. श्वास पाहायचा, देह पाहायचा, आणि शेवटी सगळ्या प्राणिमात्रांविषयी मनात मैत्री भरून घ्यायची, असा नेम. खोटं कशाला बोलू, तिथे माझ्या आत काही तरी खरोखरच हललं होतं. एका संध्याकाळी मागे बसलेल्या कुणा अनोळखी माणसाचा खोकला ऐकून माझ्याच छातीत कळ आली, आणि दुःखाला नाव-गाव नसतं, ते या देहातून त्या देहात वाऱ्यासारखं ये-जा करतं, हे मला क्षणभर लख्ख दिसलं. पण दिसलेली गोष्ट घरी आणताना वाटेत तिचं काय होतं कोण जाणे! कुसगावला उतरेपर्यंत त्या करुणेची ‘माझी करुणा’ झाली होती. मी हळू बोलू लागलो, हळू जेवू लागलो, दार लोटतानाही चेहऱ्यावर क्षमाभाव ठेवू लागलो. अधूनमधून दिवसभराचं मौन पाळू लागलो.

"तुम्ही चिडत होता तेव्हा बरे होता," बायको म्हणाली. "ते निदान संपायचं तरी."

अशाच एका मौनाच्या दिवशी पारूमावशीची लावणी आली.

पारूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून मला ‘वश्या’ म्हणणारं जगात हे एवढंच तोंड उरलं आहे. एसटी जिथे मनाला येईल तेव्हा येते आणि उरलेली वाट पायांनीच पुरी करावी लागते, अशा आंदर मावळातल्या एका गावात, डोंगराच्या पायथ्याला तिचं एक खाचर आहे. एकच, पण वर्षभराचा तांदूळ त्यात पिकतो. काका गेल्यावरही तिने ते पडीक होऊ दिलं नाही. तिकडे भातलावणी सावडीने करतात. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं, परवा आणखी कुणाचं. मजुरी नाही, माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस. वरच्या आळीची सावड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आमच्या बौद्ध वस्तीतली माणसं त्याच शेतांत राबत आली, पण मजूर म्हणून, सावडीत नव्हे. सावडीत बरोबरी असते ना! तुझा दिवस आणि माझा दिवस सारख्याच मोलाचे, हे आधी मान्य करावं लागतं.

त्या वर्षी मावशीच्या बांधाला ज्यांचा बांध लागून आहे ते वरच्या आळीतले धोंडिबाआबा आपण होऊन म्हणाले होते, "पारूबाई, औंदा आमच्या सावडीत ये." मावशी आबांच्या आणि त्यांच्या भावकीच्या खाचरांत ओणवी राहून आपले दिवस देऊन आली होती, आणि आता पाळी तिची होती. आळीत काहींनी नाकं मुरडली होतीच. हा दिवस नीट पार पडला तर पुढच्या वर्षी वस्तीतली आणखी घरं सावडीत येणार होती. फिसकटला तर नाकं मुरडणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळणार होतं. शिवाय पाऊस लांबल्यामुळे रोप जून व्हायला आलं होतं. आजची पाळी हुकली तर मावशीचं खाचर सगळ्यांच्या शेवटी जाणार, आणि तोवर ते रोप लावण्याजोगं राहणार नाही. इतकं सगळं त्या एका दिवसावर होतं.

आणि मी मौनात होतो.

मी पोचलो तेव्हा खाचराची चिखलणी उरकली होती, रोपांच्या जुड्या बांधाकडेने मांडल्या होत्या आणि धुक्यात ओणव्या पाठींची एक रांग हळूहळू मागे सरकत होती. मावशी चिखलाचे हात झटकत पुढे आली.

"आलास व्हय रं वश्या? च्या घेतोस?"

मी मंद हसलो. ओठांवर बोट ठेवलं, मग छातीवर तळवा, मग डोळे मिटून घेतले. अंतर्मुख अवस्था दाखवायला मला याहून सुबोध खूण सुचली नाही. मावशी माझ्या तोंडाकडे निरखून पाहत राहिली.

"दाढ दुखतीया?"

मी मान हलवली. नकारार्थीच हलवली, पण ध्यानी माणसाची मान जरा जास्तच संथ हलते.

"लयच दुखती गं त्याची. तोंड बी उघडंना," असं म्हणून तिने कमरेच्या पिशवीतली लवंग काढली आणि माझ्या तोंडात कोंबली. आबांची सून सुमन ओणव्यानेच वर पाहून म्हणाली, "भाऊस्नी बसू द्या कडंला. दाढंचं दुखणं लय वंगाळ." रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे अशा कळवळ्याने पाहिलं, की मला त्यांच्या अज्ञानाची दया आली. लवंग चघळत, एकेकाला मनोमन क्षमा करत, मी डोंगराच्या वाटेला लागलो. मोबाइल मी कुसगावलाच ठेवला होता. मौनात तो चालत नाही.

खाचरांच्या वर एक सपाट कातळ आहे आणि त्याच्या अंगाने ओढा उतरतो. पावसाळ्यात तो ओढा कुणाचं ऐकत नाही. त्याचा अखंड घोष कानांत साठवत मी कातळावर मांडी घातली. भोवती धुकं असं दाटलं की स्वतःचे गुडघेही अंधुक झाले, आणि ते अंधुक होताच दुखायचेही थांबले. काय ती शांती! मी मैत्रीभावनेला सुरुवात केली. आधी घरच्यांचं मंगल चिंतलं, मग शेजाऱ्यांचं, मग ज्यांच्याशी माझं कुंपणावरून भांडण आहे त्यांचं (इथे जरा घाई केली), आणि तिथून अखिल जीवसृष्टीकडे वळलो.

मी जीवसृष्टीच्या साधारण मध्यावर असताना पहिली हाक आली.

"वसंतभाऊऽऽ"

सुमनचा आवाज. जेवायला बोलवताहेत, मी ओळखलं. आता लावणीचं जेवण म्हणजे काय असतं, हे ज्याने खाल्लं त्याला सांगायला नको आणि न खाल्लेल्याला सांगून उपयोग नाही: तांदळाची मऊसूत भाकरी, सुकटीचं झणझणीत कालवण, वर वाफाळता भात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हीच ती तृष्णा, मी मनाला बजावलं, आणि हललो नाही. दुसरी हाक आली, आबांची, घोगरी. मी हललो नाही. मग तिसरी, चौथी. डावीकडून, उजवीकडून, खालून. प्रत्येक हाकेसरशी मी एकेक पायरी वर चढत होतो. इतकी माणसं मला जेवायला बोलवत होती आणि मी जात नव्हतो! माझ्या वैराग्याला एवढा मोठा श्रोतृवर्ग पूर्वी कधी लाभला नव्हता.

मध्येच एक शंका मनाला चाटून गेली: जेवायला बोलवायचं तर माणसं ओढ्याकडे जाऊन कशाला हाका मारतील? पण ध्यानात शंका उठतात आणि विरतात, त्या नुसत्या पाहायच्या असतात. मी पाहिली. विरू दिली.

आणि मग आली ती हाक नव्हतीच.

"वश्या रं... वश्या..." आणि पुढे तो आवाज चिरत गेला, ओढ्याच्या घोषात बुडाला, पुन्हा वर आला. मावशीचा आवाज. धुक्याने तिचा चेहरा पुसून टाकला होता, आणि चेहरा पुसल्यावर जे उरलं ते थेट माझ्या आईचं होतं. तीच पट्टी, तोच शेवटचा हेल. शिबिरात त्या परक्या खोकल्याने जिथे कळ उठली होती नेमकी तिथेच आता काही तरी असं पिळवटलं, की अखिल जीवसृष्टी बाजूला राहिली आणि मला एकच जीव दिसू लागला: ओढ्याच्या काठी, निसरड्या दगडावर, फेसाळत्या पाण्यात माझा पांढरा सदरा शोधणारी एक म्हातारी. ही माणसं मला जेवायला बोलवत नव्हती. ती मला पाण्यात शोधत होती.

मी ‘ओ’ द्यायला तोंड उघडलं, आणि लवंग घशात गेली. इतक्या निष्ठेने जपलेलं माझं मौन भंगलं ते एखाद्या शब्दाने नव्हे, ठसक्याने. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग जो आवाज बाहेर पडला तो नोकरीत आणि विहारात कमावलेल्या माझ्या शुद्ध भाषेतला नव्हता. आजोळी शिकलेला, कधीचा आत दडून बसलेला आवाज होता तो.

"मावशेऽऽ, हितं हाय मी! हितं!"

क्षणभर ओढ्याखेरीज काही ऐकू आलं नाही. मग खालून कुणीतरी म्हणालं, "हायती!" त्याच्यापलीकडून दुसऱ्याने ते उचललं, "हायती, हायती!" आणखी पलीकडे एक बारीक, बायकी आवाज, "गावलं भाऊ, कातळावर हायती!" मग ती हाक ओढ्याकडे गेली, ओढ्याकडून खाचरांवर, खाचरांवरून वस्तीत, वस्तीतून वरच्या आळीत, एका कंठातून दुसऱ्या कंठात, जणू धुक्याच्या आड एकच कुणी विराट माणूस आडवा झाला होता आणि त्याच्या अंगावरून शहारा सरकत होता. कुणाचंही तोंड दिसत नव्हतं. कुठला आवाज आळीतला आणि कुठला वस्तीतला, हे मला सांगता आलं नसतं. आणि जे आवाज मला शोधत होते, ते आपापसांत तरी हा भेद पाहत होते का? मी कातळावर बसून ज्या जाणिवेसाठी डोळे मिटत होतो, ती खाली अनवाणी धावत होती, निसरड्यावर पडत होती, उठत होती आणि माझं नाव घेत होती.

"जागचं हलू नगा भाऊ," धुक्यातून आबा म्हणाले. "आमी येतो. पर बोलत ऱ्हावा, म्हंजी उमगंल कुटं हायसा."

"काय बोलू आबा?"

"काय बी बोला. थांबू नगा."

आणि दिवसभराचं मौन धरलेला हा माणूस त्या कातळावर उभा राहून एकटाच मोठमोठ्याने बोलत सुटला. गुडघ्यांची तक्रार केली, एसटीला नावं ठेवली, कुंपणाचं भांडणसुद्धा सविस्तर सांगितलं. आबांचा हात दंडावर पडेपर्यंत बोलत होतो. असं तल्लीन भाषण माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

खाली आल्यावर मावशीने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात तिथेच ठेवून दिला. भोवती माणसं गोळा झाली होती. सावडीतली, वस्तीतली, आळीतली, नाकं मुरडणारीही. सगळी भिजलेली, काहींचे गुडघे खरचटलेले. कुणी एक शब्द रागाने बोललं नाही. सुमनने एवढंच विचारलं, "दाढ ऱ्हायली का, भाऊ?"

त्या प्रश्नापुढे खोटं बोलणं शक्य नव्हतं. "दाढ दुखतच नव्हती," मी म्हणालो. "मी मौन धरलं होतं."

आबांनी डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद मागे सारला. "म्हंजी हाका ऐकू येत व्हत्या?"

"येत होत्या."

"मंग?"

"मला वाटलं, जेवायला बोलवताय."

मग वस्तीतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून हलू लागली, सुमन बांधावर खालीच बसली, आणि जे हसू उसळलं ते ओढ्यालाही ऐकू गेलं असेल. हसली नाही ती फक्त मावशी. ती खाचराकडे पाहत होती. मीही तिकडे पाहिलं आणि माझं हसू ओठांतच आटलं. मी धुक्यात दिसेनासा झालो तशी सगळ्यांनी लावणी टाकून मला शोधायला धाव घेतली होती, आणि खाचराचा एक कोपरा तेवढा लावून झाला होता. बाकी सगळा नुसता चिखल. त्यावरचं पाणी निवळत चाललेलं, बांधाकडेच्या जुड्यांच्या माना टाकलेल्या, आणि दिवस कलायला लागलेला.

"उरलंय ते ऱ्हाऊ द्या आता," आळीतला एकजण म्हणालाच. "उद्या पाळी आमची हाय."

मावशीने एक जुडी उचलली आणि ती खाचरात उतरली. आबा तिच्याकडे बघत होते.

"उद्याची पाळी उद्या," ते म्हणाले. "आज पारूबाईची हाय, ती आजच सरंल. जेवान बी लावनी सरल्याव." आणि माझ्याकडे वळून, "भाऊ, तुमी बी उतरा. हाका लय ऐकल्या, आता वाका."

मी उतरलो. आणि माझ्यामागून जे घडलं, ते मी जन्मात विसरणार नाही. सावडीतली माणसं तर उतरलीच. पण मला शोधायला म्हणून वस्तीतून धावत आलेली, आळीतून आलेली, ज्यांची आज पाळी नव्हती, ज्यांचा सावडीशी संबंध नव्हता, तीही एकेक करून चिखलात पाय घालू लागली. आलोच आहोत तर, कुणी म्हणालं. भिजलोच आहोत तर, दुसरं म्हणालं. उद्याच्या पाळीवाला काही वेळ बांधावर उभा राहिला. मग विजार वर खोचत तोही रांगेत घुसला, तो नेमका मावशीच्या शेजारी. सकाळच्या रांगेची आता एवढी लांब रांग झाली की तिची दोन्ही टोकं धुक्यात गेली.

वाकून लावत मागे सरकायचं, हे काम कधी केलंय तुम्ही? आपण काय लावलं ते समोर दिसत राहतं, आणि आपण कुठे चाललो ते कधीच दिसत नाही. डाव्या हातात जुडी, उजव्याच्या चिमटीत दोन-चार काड्या, अंगठ्याने चिखलात रोवायच्या, पाऊल मागे. थोड्याच वेळात माझी कंबर बोलू लागली. मग ती कंबर माझी आहे की शेजारच्याची हे कळेनासं झालं, कारण उजवीकडून ‘आई गं’ आलं की डावीकडचा उसासा त्याला जोडून यायचा आणि रांग तशीच एका लयीत मागे सरकायची. एखाद्याचे हात थकले तर त्याच्या वाटचं रोप शेजारचा न बोलता लावून टाकायचा. कातळावर असताना मी करुणा वरून खाली शिंपडत होतो. इथे ती चिखलातून वर चढत होती. पोटऱ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, आणि छातीपर्यंत आल्यावर मला कळलं की ती कुणाला द्यायची वस्तूच नव्हे. आपण तिच्यात उभे असतो. उभं राहणाऱ्याला फक्त वाकावं लागतं.

शेवटची जुडी आबांनी मावशीच्या हातात दिली. तिने ती बांधाच्या अगदी कडेला लावली आणि कमरेवर हात देऊन ताठ उभी राहिली. जणू याचीच वाट पाहत असल्यासारखं धुकं डोंगरावरून वर उचललं गेलं. मावळतीचं ऊन तिरपं उतरलं आणि सगळं खाचर एकदम दिसलं; या बांधापासून त्या बांधापर्यंत, कुठेही उघडं नाही, ओल्या पोपटी टोकांनी भरलेलं. कुणीतरी टाळी वाजवली. उद्याच्या पाळीवाल्याने हात धुता धुता मावशीला सांगितलं, "उद्या लवकर ये गं पारूबाई. आनि तुमच्या वस्तीतली आनखी कोन येत्यात ती बी आन. हात लय चपळ हायती." मावशी हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. "आनते की," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा त्या उन्हात असा उजळला, की एखादं राज्य जिंकलेल्या राणीने तिच्यापुढे पदर सावरावा.

मीही भरून आलो होतो. चिखलाने माखलेला, कमरेत मोडलेला, पण आतून पिसासारखा हलका. अशा वेळी गप्प बसणं शहाणपणाचं, हे त्या दिवशी तरी मला कळायला हवं होतं. मी बांधावर उभा राहिलो आणि म्हणालो, "पाहा मंडळी, एवढं खाचर आपण लावलं. आता यातलं कुठलं रोप मावशीचं, कुठलं आबांचं, कुठलं आळीचं, कुठलं वस्तीचं, सांगता येईल कुणाला? माझीही रोपं यातच मिसळून गेली. आज ‘मी’ म्हणून वेगळा कुणी उरलाच नाही."

सगळे खाचराकडे पाहू लागले. माझं बोलणं त्यांच्या काळजाला भिडलं, असं मला वाटलं. सुमन डोळे बारीक करून खाचराच्या मधोमध बघत होती.

"तुमची सांगता येत्यात की, भाऊ," ती म्हणाली. "ती पान्यावर तरंगत्यात न्हवं, ती समदी तुमची."